आठ हजारांत घरशाळेचा कोपरा

प्रश्न : मुलगी साडेआठ वर्षांची आहे. तिसरीची परीक्षा झाली की जूनपासून तिला घरीच शिकवायचं ठरवलंय. धाकटा पाच वर्षांचा, तोही सोबत बसेल. धनकवडीत आमचं भाड्याचं वन बीएचके आहे. हॉल १० बाय १४, त्याला पूर्वेकडे मोठी खिडकी. बेडरूमला पश्चिमेची ४ बाय ९ ची गॅलरी. घरमालकांनी भिंतीत एकही खिळा ठोकायचा नाही असं बजावलंय. सासूबाई दिवसभर हॉलमध्ये असतात, दुपारी त्यांच्या मालिका चालतात. गॅलरी स्लायडिंगने बंद करून तिथे वर्ग करावा का? ऑनलाइन मुलांचा टेबल-खुर्चीचा सेट पाहिला, एकाचेच साडेसहा हजार होतात. एका भिंतीला व्हाइटबोर्डचा रंग लावावा असंही कुणीतरी सुचवलं. एकूण ८,००० रुपये बाजूला काढलेत. एवढ्यात काय काय होईल?
— एक आई, धनकवडी

उत्तर :

ताई, आधी तिन्ही प्रश्नांची रोखठोक उत्तरं देतो. गॅलरीत वर्ग नको, तो सेट नको आणि भिंतीला रंग तर मुळीच नको. आठ हजारांत तुमचं काम होईल, उलट थोडे पैसे उरतील आणि ते उरायलाच हवेत. का, ते शेवटी सांगतो.

शाळेतली बाकं, समोरचा मोठा फळा, वर्गाची रांग हे सगळं एका बाईंनी चाळीस मुलांना सांभाळायचं असतं म्हणून तसं असतं. तुमच्याकडे दोन मुलं आणि एक आई. तुम्ही त्यांच्या समोर उभ्या राहणार नाही, शेजारी बसणार. म्हणून पैसा तीन गोष्टींवर घाला : बसल्यावर कोपर कुठे येतं, वहीवर उजेड कुठून पडतो आणि काम झालं की पसारा किती मिनिटांत आवरतो. दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये संध्याकाळी पाहुणेही बसणार आहेत, म्हणून तिसरी गोष्ट विसरू नका. आवरायला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर पंधरा दिवसांत तो कोपरा कपड्यांच्या घड्या ठेवायची जागा होतो.

गॅलरीचं काय करायचं

पश्चिमेची गॅलरी एप्रिल-मेमध्ये दुपारी दोननंतर तापते आणि स्लायडिंगच्या काचा लावल्या तर आणखी तापते, कारण ऊन आत येतं पण गरम हवा बाहेर पडत नाही. पावसाळ्यात झड आत येते. शिवाय बंद करायची तर घरमालक आणि सोसायटी दोघांची परवानगी लागेल आणि तुमचे आठ हजार एवढ्या एका कामातच संपतील.

तिचा उपयोग ओल्या कामाला करा. रंग, माती, बी रुजवणं, पाणी मोजणं, तरंगतं-बुडतं हे सगळं तिथे. एक जुनं ताडपत्रीचं कापड, दोन बादल्या आणि एक टब एवढं पुरतं. गणपतीच्या आधी शाडू माती सहज मिळते, पाच किलो आणून ठेवा. फक्त हात धुतलेलं पाणी थेट मोरीत सोडू नका. शाडू पाइपात बसते आणि मग प्लंबरला बोलवावं लागतं. बादलीत रात्रभर ठेवा, माती तळाशी बसते, वरचं पाणी कुंड्यांना घाला आणि गाळ सुकवून पुन्हा वापरा. कबुतरं येत असतील तर मुलांना तिथे बसवण्याआधी जाळी लावून घ्या. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका, तिची धूळ श्वासात जाते. आधी पाणी मारा, तोंडाला मास्क बांधा, मग पुसा. आणि कठड्याजवळ स्टूल, खोकं, उलटी बादली असं चढता येण्यासारखं काहीही ठेवू नका. धाकटा पाचच वर्षांचा आहे.

गॅलरीत एक काठी सरळ उभी करून दुपारच्या उन्हात सावली खडूने आखायचा उद्योग मात्र जरूर करा. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्याला भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. पश्चिमेच्या गॅलरीत त्या वेळी छपराची सावली असेल, म्हणून तेवढ्यापुरतं गच्चीवर जा.

खुर्ची की जमीन

जमीनच घ्या, आणि त्यामागे पैशाइतकंच मापाचं कारण आहे. खुर्चीवर बसताना पायाची लांबी मोजावी लागते : पाय जमिनीला टेकले पाहिजेत, मांडीखाली कड रुतता कामा नये, आणि तेव्हाच कोपर टेबलाच्या पातळीला यायला हवं. साडेआठ आणि पाच वर्षांच्या मुलांच्या पायांत एवढा फरक असतो की दोघांना दोन वेगळ्या खुर्च्या आणि दोन वेगळी टेबलं लागतात. वर दोन वर्षांत ती लहान पडतात, हे वेगळंच. मांडी घालून बसलं की पायांची लांबी हिशेबातून जाते. उरतो तो बसल्यावरच्या कोपराच्या उंचीतला फरक, आणि या दोन वयांत तो साधारण इंच-दीड इंच असतो. धाकट्याच्या खाली गोधडीची एक जास्त घडी घातली की झालं. दोघांना एकाच मापाची डेस्कं चालतात.

माप असं घ्या. मुलीला घडी केलेल्या सतरंजीवर मांडी घालून भिंतीला पाठ टेकवून बसवा. खांदे सैल, दंड शरीरालगत, कोपर काटकोनात. फरशीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि त्यात एक इंच मिळवा. ही डेस्कच्या वरच्या पृष्ठभागाची उंची. या वयाला ती ९ ते १० इंचांच्या आसपास येते. उंची जास्त झाली तर मूल खांदे वर उचलून लिहितं आणि थोड्याच वेळात मान दुखते असं सांगतं. कमी झाली तर पाठीला पोक काढून नाक वहीला टेकवतं. मुलं सारखी चुळबुळ करतात, अक्षर बिघडतं, ‘कंटाळा आला’ म्हणतात, त्यातला बराच भाग चुकीच्या उंचीचा असतो. स्वभावाला दोष द्यायच्या आधी टेप लावून बघा.

सुताराकडे जाण्यापूर्वी आठवडाभर घरातला चौरंग वापरा. बुटका असेल तर चारी पायांखाली सारख्या जाडीची जुनी पुस्तकं किंवा लाकडाचे ठोकळे ठेवून उंची जुळवा. नेमकं माप त्यातच कळेल.

तयार मिळणारी, पाय दुमडणारी छोटी डेस्कंही असतात. घ्यायची तर दुकानात एका कोपऱ्यावर तळहाताने जोर द्या. समोरचा कोपरा उचलला किंवा पाय आत दुमडला तर घेऊ नका. खोडताना मूल नेमका तसाच जोर देतं.

डेस्क करून घ्यायचं तर

एकच लांब डेस्क करू नका, दोन सुटी करा. भांडण झालं की ती लांब सरकवता येतात, रात्री दिवाणाखाली वेगवेगळी जातात, आणि एकजण डावखुरा निघाला तर कोपराला कोपर लागत नाही.

प्रत्येकाचा वरचा पाट २४ बाय १८ इंच, १२ मिलिमीटर प्लायचा. बाजूचे दोन उभे पाय १८ इंच रुंद आणि साडेनऊ इंच उंच, म्हणजे वरच्या अर्ध्या इंचासह डेस्क दहा इंचांचं होतं. तुमचं माप वेगळं आलं तर फक्त पायांची उंची बदला. हे पाय मात्र १९ मिलिमीटरचे घ्या, कारण स्क्रू त्यांच्या कडेत जाणार आहेत. १२ मिलिमीटरच्या कडेत स्क्रू घातला की प्लायचे थर फुटतात आणि महिन्याभरात डेस्क डुगडुगायला लागतं. मागच्या बाजूला दोन पायांच्या मध्ये साडेबावीस इंच लांब आणि चार इंच रुंद आडवी पट्टी द्या, नाहीतर डेस्क बाजूला कलतं. पुढच्या बाजूला कोणतीही पट्टी नको, गुडघे आपटतात. सुतार ‘मजबुतीला लावतो’ म्हणेल, नको म्हणून सांगा.

दोन्ही डेस्कं मिळून साधारण १२ चौरस फूट प्लाय लागतो. ८ बाय ४ चा अख्खा शीट घेऊ नका. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा जवळच्या फर्निचरवाल्याकडे कापून उरलेले तुकडे विचारा. घरात वापरायला साधा कमर्शिअल प्लाय चालतो, वॉटरप्रूफचे पैसे देऊ नका. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेला) स्वस्त पडेल, पण त्याच्या कडेला ओल लागली की तो फुगतो आणि परत बसत नाही. पाण्याची बाटली सांडणारच आहे.

जोडाला फेविकॉल आणि ८ नंबरचे दीड इंची स्क्रू, आधी अडीच मिलिमीटरचं भोक पाडून. भोक न पाडता ठोकले तर कड चिरते. वर सनमायका लावायची तर मॅट फिनिशचीच, फिक्या रंगाची. चकचकीत सनमायकावर खिडकीचा उजेड परावर्तित होऊन डोळ्यांत येतो. दुकानात उरलेले तुकडे अर्ध्या किमतीतही सुटतात, पण दोन्ही डेस्कांना पुरेल असा एकच तुकडा मागा, नाहीतर ‘माझंच निळं का नाही’ हे ऐकावं लागेल. चारही कोपरे गोल करून घ्या. पायांच्या खालच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवा. डेस्क टाइल्सवर सरकत नाही आणि घरमालकांच्या फरशीवर ओरखडे उठत नाहीत.

असं एक डेस्क साधारण पाच किलोचं होतं. मुलगी ते स्वतः सरकवू शकते. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात फरशी गार पडते, तेव्हा सतरंजीवर गोधडी घाला. सलग तीस-चाळीस मिनिटांवर बसवू नका. वाचायची वेळ आली की लोळून, भिंतीला टेकून, कसंही वाचू द्या. डेस्क लिहिण्यापुरतं आहे. धाकटा दोन्ही पाय मागे बाहेर टाकून इंग्रजी डब्ल्यूसारखा बसायला लागला तर हळूच मांडी घालायला लावा. आणि वाचताना पुस्तक तिरपं हवं असेल तर जाड पाठीची बॉक्स फाइल आडवी ठेवा, तिचा उतार अगदी योग्य होतो. वेगळा स्टँड घ्यायची गरज नाही.

उजेड

तुमच्याकडे पूर्वेची मोठी खिडकी आहे. मुलगी उजव्या हाताने लिहीत असेल तर खिडकी तिच्या डाव्या हाताला येईल असं डेस्क लावा. डावखुरी असेल तर उलट. खिडकीकडे तोंड करून बसवलं तर डोळ्यांवर झगझग येते, पाठ करून बसवलं तर स्वतःच्याच सावलीत लिहावं लागतं. सकाळी दहापर्यंत ऊन थेट वहीवर येईल, तेव्हा पांढऱ्या पातळ कापडाचा पडदा ओढा. जुन्या धोतराचा उत्तम होतो, ऊन गाळून आत येतं. गडद पडदा लावून दिवा लावणं म्हणजे फुकटचा उजेड घालवून विजेचं बिल भरणं.

संध्याकाळसाठी छताची ट्यूब पुरत नाही. ती बहुतेक घरांत खोलीच्या मधल्या भागात असते, म्हणजे भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मुलाच्या पाठीमागे. एक चिमट्याचा होल्डर आणि ९ वॉटचा एलईडी बल्ब घ्या. पुस्तकांच्या पेटीला (ती कशी करायची ते पुढे येतंय) डाव्या बाजूला, वहीपासून दीड फुटावर लावा, आणि होल्डरची मान अशी वळवा की बसलेल्या मुलाला बल्ब स्वतः दिसणार नाही, फक्त उजेड दिसेल. डब्यावर केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगछटेचा, आकडा छापलेला असतो. ४००० घ्या. दुकानदार न विचारता ६५०० चा पांढराफटक हातात देतो. वाचता त्यावरही येतं, पण रात्री तो डोळ्यांना टोचतो. घरी आल्यावर मोबाइलचा स्लो-मोशन कॅमेरा दिव्याकडे धरा. काळे पट्टे ठळकपणे सरकताना दिसले तर बल्ब लुकलुकतोय, बदलून आणा. हे डोळ्यांना दिसत नाही, पण काहींचं डोकं त्यानेच दुखतं.

वायर मुलांच्या चालण्याच्या वाटेवर आडवी जाता कामा नये. एक्स्टेंशन बोर्ड झडपवाला घ्या आणि त्यावर इस्त्री लावू नका.

पुण्यात गुरुवारी कधी दुरुस्तीसाठी वीज जाते, कधी पाणी बंद असतं. खिडकीजवळचा कोपरा अशा दिवशी दुपारभर चालतो, हाही एक फायदा.

फळा, खिळ्याशिवाय

भिंतीला व्हाइटबोर्डचा रंग लावायला भिंत आरशासारखी गुळगुळीत लागते. भाड्याच्या घरातल्या डिस्टेंपरवर तो पोपडे धरतो, आणि घर सोडताना घरमालक डिपॉझिटमधून पूर्ण भिंतीच्या रंगाचे पैसे कापतात. शिवाय मार्कर सतत विकत आणावे लागतात. टोपण उघडं राहिलं की संपला, आणि पाच वर्षांचं मूल टोपण लावत नाही.

६ मिलिमीटर प्लायचा ३ बाय २ फुटांचा तुकडा घ्या. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, ओल्या फडक्याने पुसा, सुकू द्या. ब्लॅकबोर्ड पेंटचा पहिला हात आडवा द्या, सुकल्यावर २२० नंबरच्या पेपरने हलकेच घासा आणि दुसरा हात उभा द्या. अर्ध्या लिटरच्या डब्यातला बराच रंग उरेल, त्यातून मागची बाजूही रंगवा. ही चैन नाही. एकच बाजू रंगवली तर उघडी बाजू दमट हवा शोषते आणि पावसाळ्यात फळा पापडासारखा वाकडा होतो. मागच्या बाजूवर पांढऱ्या ऑइलपेंटने अर्ध्या भागात एक इंची चौकटी आणि अर्ध्या भागात चार रेघा आखून घ्या. धाकट्याची अक्षरं त्यावर बसतील.

तीन दिवस हात लावू नका. मग खडू आडवा धरून सबंध फळ्यावर घासा, पूर्ण पांढरा करा आणि कोरड्या फडक्याने पुसा. ही पायरी बहुतेक लोक गाळतात. मग पहिल्या दिवशी लिहिलेली अक्षरं पुसली तरी कायमची अंधुक दिसत राहतात, कारण नव्या रंगाच्या बारीक छिद्रांत खडू नेमका अक्षराच्या जागी भरलेला असतो. सगळीकडे सारखा भरला की तसं होत नाही.

वरच्या कडेला दोन भोकं पाडा, सुती दोरी ओवा आणि खिडकीच्या गजांना बांधा, किंवा भिंतीला टेकवून डेस्कवर उभा करा. रोजच्या पुसण्याला किंचित ओलं फडकं वापरा म्हणजे खडूची धूळ सासूबाईंच्या खोकल्याला कारण होणार नाही.

ठेवायचं कशात

हे पत्र एप्रिलचं आहे, म्हणजे हापूसचा मोसम. आता बराच माल पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतो, तरी मार्केट यार्डात आणि मंडईच्या आसपास मे महिन्यात लाकडी पेट्या मिळतात. चार आणा. दोन दिवस कडक उन्हात ठेवा, बाहेर आलेले खिळे आणि पिना पक्कडने काढा किंवा ठोकून वाकवा. ८० नंबरच्या पेपरने घासा, मग १२० ने. घाई करू नका, हे लाकूड कच्चं असतं आणि कूस हातात शिरली की मूल त्या पेटीला पुन्हा हात लावत नाही. आडव्या ठेवून दोनावर दोन रचा, वरची खालचीला दोन-दोन स्क्रूंनी जोडा, जड पुस्तकं खाली. तीन मजले करू नका. भिंतीला बांधता येत नाही, म्हणजे मुलाने वरच्या कडेला लोंबकळून पाहिलं की ते अंगावर येणार.

चारही पेट्या भरून टाकायचा मोह होईल. बाहेर एका वेळी प्रत्येकाच्या पाच-सहा वस्तू ठेवा, बाकी दिवाणात. दर पंधरा दिवसांनी अदलाबदल. डोळ्यांसमोर चाळीस गोष्टी असल्या की लहान मूल एकीशीही खेळत नाही, सगळ्या ओतून ठेवतं.

पेन्सिली, कात्री, खोडरबर यांना तुळशीबागेतले किंवा बोहरी आळीतले झाकणाचे डबे. झाकण महत्त्वाचं. पुण्याच्या पावसाळ्यात कागद ओलावतो आणि पुस्तकांना कसर लागते. पेट्या भिंतीपासून दोन इंच पुढे ओढून ठेवा, मागून हवा खेळू द्या, आणि ऑक्टोबरमध्ये एकदा सगळी पुस्तकं उन्हात घाला.

शिकायचं साहित्य

इथे लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात आणि इथेच सगळ्यात कमी लागतात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत उतरवून घेता येतात, पण पूर्ण पुस्तकाची प्रिंट काढू नका, छापील पुस्तक त्याहून स्वस्त पडतं. अप्पा बळवंत चौकात गेलात की मिळेल. गोष्टींच्या पुस्तकांसाठी तिथलीच जुन्या पुस्तकांची दुकानं धुंडाळा.

गणितासाठी आइस्क्रीमच्या १५० काड्या, रबरबँड आणि शंभर चिंचोके. दहा-दहांचे गठ्ठे बांधायचे. हे साधं दिसतं, पण मराठीत शिकणाऱ्या मुलाला त्याची गरज जास्त आहे. आपण ‘त्रेचाळीस’ म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतात आणि चाळीस नंतर, म्हणून मूल बिनचूक ऐकूनही ३४ लिहितं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं आणि त्यावर केवढा गदारोळ झाला, ते याच अडचणीमुळे. तुम्ही वाद बाजूला ठेवा आणि फळ्यावर दशक-एकक असे दोन रकाने आखून त्याखाली गठ्ठे मांडायला लावा. चार गठ्ठे, तीन सुट्या काड्या, मग आकडा. ‘एकोणपन्नास’ला पाच गठ्ठे मांडा आणि त्यातली एक काडी काढून घ्या. गठ्ठा सोडावा लागतो, हातात नऊ सुट्या उरतात आणि शब्दाचा अर्थ तिथेच कळतो.

विज्ञानाच्या तयार किटवर एक रुपया घालवू नका. अरविंद गुप्ता यांनी कचऱ्यातून करायच्या खेळण्यांचं भांडार सगळ्यांसाठी मोफत खुलं करून ठेवलंय. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांसाठीच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी अनेक वर्षं हेच काम केलं. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घन करायचा खेळ त्यांच्या भांडारातूनच घ्या. व्हॉल्व्ह ट्यूब सायकलच्या दुकानात मिळते. काड्यांची गुलं आधी खरवडून टाका. त्रिकोण दाबून मोडत नाही, चौकोन लगेच कलंडतो हे मुलीला हाताने कळेल, आणि डेस्कला मागे आडवी पट्टी का लावली हेही.

मोजमापाला वेगळं काही नको : शिवणाची टेप, स्वयंपाकघरातला काटा, लिटरची बाटली. प्राणी बघायला कात्रज तुमच्या शेजारीच आहे, फक्त बुधवारी प्राणिसंग्रहालय बंद असतं.

आवाज आणि सासूबाई

भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते खोलीतला घुमारा जरा कमी करतील, टीव्हीचा आवाज अडवणार नाहीत. एकाच हॉलमध्ये टीव्ही आणि अभ्यास असेल तर त्याला भिंतीचा उपाय नाही, वेळेचा आहे. सकाळी ९ ते ११ आणि मधली सुटी धरून साडेअकरापर्यंत. तिसरी-चौथीच्या मुलीला एकट्या आईबरोबर डेस्कवर एवढा वेळ भरपूर होतो. दुपार सासूबाईंची. वेळ ठरवायला त्यांनाच बोलवा, ‘आई, तुमची मालिका कधी लागते?’ असं विचारून. त्यांना न विचारता हॉलचा कोपरा घेतलात तर अडचण आवाजाची राहणार नाही.

कागदपत्रं

थोडक्यात. शाळा सोडल्याचा दाखला आताच घ्या, नाव आणि जन्मतारीख तपासा. महिन्याला चार-पाच कामं तारीख घालून एका फाइलमध्ये लावा. पुढे शाळेत परत घालायचं झालं तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलांना वयानुरूप वर्गात प्रवेशाची तरतूद आहे. घरूनच दहावी करायची तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत १४ वर्षं पूर्ण असावी लागतात. त्याला अजून वेळ आहे.

पैसे आणि क्रम

दोन्ही डेस्कं सुताराच्या मजुरीसह ३,००० च्या वर जाऊ देऊ नका. उजेडाला ७००, फळ्याला ६००, पेट्या आणि डब्यांना ७००, साहित्य आणि पुस्तकांना १,०००. म्हणजे सहा हजार. उरलेले दोन हजार दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही असे ठेवा. चार महिन्यांत मुलांचा कल कळतो : एकाला नकाशे लागतात, एकाला सुतारकामाची हत्यारं, एकाला नुसता कागद, रीमच्या रीम. जूनमध्ये हे ओळखता येत नाही. दिवाळीला कोपराचं मापही पुन्हा घ्या. अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला असेल तर डेस्कच्या पायांखाली लाकडी पट्टी ठोका, नवीन काही करू नका.

या आठवड्यात चौरंगासमोर बसवून बघा. पुढच्या रविवारी माप घेऊन प्लाय आणा. पेट्या मे महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, तेव्हा त्या जास्त असतात. आणि फळ्याचं रंगकाम मेअखेरच्या आत उरका. एकदा जूनचा पाऊस लागला की रंगाचा हात वरून सुकल्यासारखा वाटतो, पण आतून ओला राहतो, आणि पॉलिश पेपर लावला की च्युइंगगमसारखा निघून येतो.